‘जमतं का?’ : एनडीआयएसच्या स्वतंत्र मूल्यमापनाचे आपले अनुभव

सोनचाफा (मेलबर्न)
११ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.४०

ऑस्ट्रेलियाच्या राष्ट्रीय अपंगत्व विमा योजनेने, म्हणजे एनडीआयएसने, गेल्या महिन्यात नव्या मूल्यमापन पद्धतीची घोषणा केली. तेव्हापासून मला २०२१ सालच्या फेब्रुवारीतील एक सकाळ वारंवार आठवते आहे. त्या वर्षी ‘स्वतंत्र मूल्यमापना’चा दुसरा प्रायोगिक टप्पा चालू होता आणि आम्ही त्यात स्वेच्छेने नाव दिले होते. इथे असे आणखी कोणी आहे का, हे विचारण्यासाठी आणि असल्यास अनुभव एकत्र मांडण्यासाठी हा धागा काढते आहे.

ज्यांना पार्श्वभूमी ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. आधीची रीत अशी होती की मुलाला ओळखणारे व्यवसायोपचार तज्ज्ञ (ओटी), वाचोपचारतज्ज्ञ, बालरोगतज्ज्ञ अहवाल देत आणि त्यावरून योजना चालवणारी सरकारी एजन्सी वर्षाचा आराखडा, म्हणजे कोणती मदत किती मिळणार ते, ठरवी. ऑगस्ट २०२० मध्ये तेव्हाचे मंत्री स्टुअर्ट रॉबर्ट यांनी जाहीर केले की यापुढे सर्वांचे मूल्यमापन एजन्सीने नेमलेली, सहभागी व्यक्तीला पूर्वी कधीही न भेटलेली तज्ज्ञ व्यक्ती ठरावीक प्रश्नावल्या वापरून करील. त्याआधी या कल्पनेची चाचणी घेण्यासाठी आमच्यासारखी माणसे बोलावली होती आणि सहभागाबद्दल दीडशे डॉलर दिले जाणार होते. आमच्या चालू आराखड्यावर याचा परिणाम होणार नाही, असेही आम्हांला सांगितले गेले होते. पैशासाठी नव्हे, पण आपण सांगितले तर पद्धत सुधारेल अशा भाबड्या समजुतीने मी होकार दिला.

माझा मुलगा त्या वेळी ११ वर्षांचा होता. त्याला स्वमग्नता आहे आणि बौद्धिक अक्षमताही आहे. तो मोजके शब्द बोलतो आणि बाकीचे चित्रांच्या साहाय्याने सांगतो. आलेल्या बाई फिजिओथेरपिस्ट होत्या, अतिशय सौजन्याने वागणाऱ्या होत्या आणि हे मी मुद्दाम नोंदवते, कारण माझी तक्रार त्यांच्याविषयी नाही. तीन तास दहा मिनिटे त्या प्रश्न विचारत होत्या. मुलगा शेजारच्या खोलीत होता, दार उघडे होते, आणि तो बोलत नसला तरी त्याला सगळे ऐकू येते व पुष्कळसे समजते.

मग त्यांनी त्याला एखादे रोजचे काम करताना पाहायचे आहे असे सांगितले. त्याने टोस्ट केला. पावाची पिशवी उघडली, दोन कापा टोस्टरमध्ये घातल्या, लोणी लावले, जॅम लावला, बशी टेबलावर ठेवली. बाई मनापासून आनंदल्या आणि मलाही क्षणभर अभिमान वाटला, हे कबूल करते. पुढे मी मागणी करून जो अहवाल मिळवला, त्यात साधे खाणे तो स्वतंत्रपणे तयार करतो अशा अर्थाची नोंद होती.

त्या नोंदीत एकही शब्द खोटा नव्हता. मात्र तो टोस्ट शिकायला त्याला पावणेदोन वर्षे लागली होती. टोस्टरच्या बटणावर लाल चिकटपट्टी होती, जॅमची बाटली नेहमीचीच हवी होती, आणि बाटली बदलली तर त्या दिवशी सकाळी तो भिंतीवर डोके आपटतो हे अहवालात यायला जागाच नव्हती. ‘काम करता येते का’ या प्रश्नाखाली ‘कोणाच्या जिवावर करता येते’ असा दुसरा प्रश्न नव्हता.

एक गोष्ट मात्र आमच्याच बाजूची सांगायला हवी. त्या बाई इंग्रजीत विचारत आणि मी मनातल्या मनात मराठीत ‘जमतं का?’ असे ऐकत होते. मराठी आईला ‘जमतं का?’ असे विचारले की तोंडातून आपोआप ‘जमतं की’ निघते. त्या ‘जमतं’मध्ये सारे काही मावते. स्वतः करतो, मी हात धरून करवते, रडत रडत करतो, चार दिवसांतून एकदा करतो, हे सर्व आपल्याकडे ‘जमतं’च असते. शिवाय लेकराचे उणे परक्यासमोर, तेही त्याच्या कानावर पडेल असे, बोलायचे नाही या वळणात आपण वाढलो. मी एकूण किती ठिकाणी ‘जमतं’ म्हणाले असेन याचा हिशेब करवत नाही.

कोणाचे अनुभव असतील तर कृपया लिहा. चांगले असतील तर तेही लिहा.


कडुनिंब (सिडनी)
१२ ऑक्टोबर २०२५, सकाळी ८.१५

मी त्याच टप्प्यात होतो. पन्नाशी ओलांडलेला, सांगली जिल्ह्यात लहानपणी पोलिओ झालेला आणि गेली नऊ वर्षे चाकांच्या खुर्चीत बसणारा माणूस आहे. ‘दिव्यांग’ हा शब्द मला गोड गोळीसारखा वाटतो, त्यामुळे मी स्वतःला अपंग म्हणतो. इतरांनी आपापला शब्द वापरावा.

माझ्या मूल्यमापनात पायांच्या कार्यक्षमतेची एक मोजपट्टी होती. तिच्यात २० कामे असतात, प्रत्येकाला ० ते ४ गुण आणि सर्वांची बेरीज ८०. ही पट्टी गुडघ्याच्या वा खुब्याच्या शस्त्रक्रियेनंतर माणूस किती सुधारतो हे पाहण्यासाठी उत्तम आहे. मला मात्र खडबडीत जमिनीवर धावण्यात किती अडचण येते, वेगाने धावताना एकदम वळता येते का, एका पायावर उड्या मारता येतात का, असे एकामागून एक विचारण्यात आले. पहिल्या प्रश्नाला मी हसलो. तिसऱ्याला विचारणारा तरुणच ओशाळला आणि म्हणाला, ‘माफ करा, मला प्रश्न वगळण्याची मुभा नाही.’ मी त्याला म्हटले, विचार बाबा, शून्य लिही. आम्ही दोघांनी मिळून एकोणीस शून्ये आणि एकके गोळा केली. अंथरुणात कूस बदलण्याबद्दल मला दोन गुण मिळाले, एवढीच कमाई.

विनोद बाजूला ठेवतो. खरी अडचण पुढच्या प्रश्नावलीत होती. जागतिक आरोग्य संघटनेची जी प्रश्नावली वापरतात, ती गेल्या ३० दिवसांपुरते विचारते. २०२१ च्या सुरुवातीला मी घरूनच काम करत होतो. महिनाभर आगगाडीत चढलो नव्हतो, त्यामुळे उद्वाहक बंद पडल्याने स्थानकावर अडकलो नव्हतो. बाहेर जेवायला गेलो नव्हतो, त्यामुळे स्वच्छतागृह शोधत हिंडलो नव्हतो. ‘गेल्या ३० दिवसांत घराबाहेर पडण्यात किती अडचण आली?’ याचे प्रामाणिक उत्तर ‘फारशी नाही’ असे होते, कारण मी पडलोच नव्हतो. मी हे समजावून सांगितले. त्याने ऐकून घेतले आणि पाचांपैकी एका पर्यायावर खूण केली, कारण खूण करण्यावाचून त्याला गत्यंतर नव्हते.

सोनचाफा, तुमच्या ‘जमतं’वर एक पुरवणी. पोलिओ झालेली आमची पिढी ‘जमवून दाखवणे’ यावरच वाढली. गुरुजींना दाखवायचे, नातेवाइकांना दाखवायचे, मुलाखतीत दाखवायचे. चाळीस वर्षे जे लपवले ते तीन तासांत अनोळखी पोरासमोर उलगडून दाखवायचे, ही अपेक्षाच उलटी आहे. मी त्याला जिन्याच्या चार पायऱ्या कठडा धरून चढून दाखवल्या. का दाखवल्या, देव जाणे. रात्री खांदा इतका सुजला की दुसऱ्या दिवशी खुर्ची ढकलता येईना. तोवर मूल्यमापन संपले होते.


रुईचे_पान (ब्रिस्बेन)
१२ ऑक्टोबर २०२५, दुपारी १.०५

मी व्यवसायोपचार तज्ज्ञ, म्हणजे ओटी आहे. प्रायोगिक टप्प्यात मी काम केले नाही, पण त्यात वापरलेल्या साधनांपैकी बहुतेक माझ्या रोजच्या हाताखालची आहेत. त्यामुळे साधनांच्या बाजूने थोडे बोलते.

सोनचाफा यांच्या मुलासाठी बहुधा व्हाइनलँड नावाच्या मोजपट्टीची तिसरी आवृत्ती वापरली असावी. तिच्यात संवाद, दैनंदिन कौशल्ये आणि सामाजिक वर्तन अशा क्षेत्रांत प्रत्येक बाबीला ०, १ किंवा २ गुण देतात आणि त्यांचे रूपांतर १०० ही सरासरी असलेल्या मानक गुणांत करतात. योग्य हातांत हे साधन चांगले आहे. त्याचा नियमच असा आहे की २ गुण तेव्हाच द्यायचे, जेव्हा व्यक्ती ते काम बहुतेक वेळा आणि मदतीविना करते. ‘करू शकते’ याला गुण नाहीत, ‘करते’ याला आहेत. म्हणून ही मुलाखत प्रश्नोत्तरांसारखी न घेता गप्पांसारखी घ्यावी, पालकाला सकाळपासून रात्रीपर्यंतचा दिवस वर्णन करू द्यावा आणि गुण नंतर बसवावेत, असे प्रशिक्षणात शिकवतात. टोस्टची लाल चिकटपट्टी अशा गप्पांतच बाहेर येते. एकाच बैठकीत तीनचार प्रश्नावल्या उरकायच्या असल्या की गप्पांना वेळ राहत नाही आणि मुलाखतीची उलटतपासणी होते.

थोडे अवांतर, पण मराठी वाचकांना आवडेल असे. मूळ व्हाइनलँड मोजपट्टी एडगर डॉल यांनी १९३५ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीतील व्हाइनलँड या गावच्या संस्थेत तयार केली. भारतात ती मालिन यांनी रूपांतरित केली आणि ते काम नागपूरला झाले. भारतातील मानसशास्त्रज्ञ आजही तिला ‘नागपूर रूपांतर’ म्हणून ओळखतात. परक्या देशात बनलेली पट्टी आपल्या घरांना जशीच्या तशी लागू पडत नाही, हे नागपुरात साठ वर्षांपूर्वी कोणाला तरी जाणवले होते. इथल्या प्रश्नावल्यांचे असे रूपांतर आपल्या स्थलांतरित घरांसाठी कोणी केलेले नाही. सुरी-काट्याने जेवणे, स्वतःच्या बँक खात्याचा व्यवहार पाहणे, एकट्याने घरी राहणे, या बाबी आपल्या घरातील अठरा वर्षांची धडधाकट मुलेही नेहमी करतात असे नाही. तिथे ‘येत नाही’ आणि ‘कधी वेळच आली नाही’ यांत फरक करावा लागतो आणि तो अनोळखी व्यक्तीला करता येत नाही.

एजन्सीचा युक्तिवाद असा होता की उपचार करणारे आमच्यासारखे लोक सहानुभूतीपोटी गरज फुगवून लिहितात. हा आरोप मला झोंबला होता, पण तो पूर्णपणे निराधार आहे असे शपथेवर सांगता येणार नाही. दहा वर्षे ज्या मुलासोबत काम केले, त्याच्या अहवालात माझा हात थोडा सैल सुटत असेल. मात्र त्यावरचा उपाय म्हणून ज्याला काहीच ठाऊक नाही असा माणूस आणणे म्हणजे चष्म्याचा नंबर चुकला म्हणून डोळे बांधण्यासारखे होते.


पाणकावळा (ॲडलेड)
१२ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.२०

सर्वांचे अनुभव आदराने वाचले. तरीही थोडा विरोधी सूर लावतो, कारण या चर्चेत नेहमी एक वर्ग गैरहजर असतो आणि आम्ही त्या वर्गातले आहोत.

वर ज्यांनी लिहिले त्यांच्याकडे आधीच आराखडा होता. आमच्या मुलीचा एनडीआयएसमधला प्रवेश-अर्ज दोन वेळा नाकारला गेला. कायद्यात संवाद, सामाजिक व्यवहार, शिकणे, हालचाल, स्वतःची निगा आणि स्वतःचे व्यवस्थापन अशी सहा क्षेत्रे आहेत. त्यांपैकी कशात तरी कार्यक्षमता बऱ्याच प्रमाणात कमी झाली आहे हे अर्जदाराने सिद्ध करायचे असते. ते ज्या अहवालाने सिद्ध होते, तो अहवाल देणाऱ्या ओटीचा दर तासाला १९३.९९ डॉलरच्या आसपास. भेट, निरीक्षण, लेखन मिळून दहाबारा तास धरले तर आकडा तुम्हीच काढा. आराखडा असणाऱ्यांना हा खर्च आराखड्यातून करता येतो. ज्यांना आराखडा मिळायचा आहे, त्यांनी तो खिशातून करायचा. माझी पत्नी तेव्हा रात्रपाळीत वृद्धाश्रमात काम करत होती आणि मी गोदामात. ‘सरकार फुकट मूल्यमापन करील’ हे वाक्य २०२० मध्ये आम्हांला धमकीसारखे नव्हे, दिलाशासारखे वाटले होते.

आमच्याकडे कागद कमी का होते, हेही सांगतो, कारण हे अनेक मराठी घरांत घडते आणि कोणी बोलत नाही. कायम वास्तव्याच्या अर्जात कुटुंबातील प्रत्येकाची वैद्यकीय तपासणी होते आणि एकाच्या उपचारांचा अंदाजित खर्च मर्यादेपलीकडे गेला तर सहसा साऱ्या घराचा अर्ज अडतो. आम्ही काही खोटे सांगितले नाही, पण मुलगी तीन वर्षांची होऊनही बोलत नाही हे दिसत असताना डॉक्टरांकडे जाणे दीड वर्ष लांबवले. ‘मुलं उशिरा बोलतात’ असे गावाकडून येणारे प्रत्येक वाक्य आम्ही औषधासारखे घेतले. पुढे कायम वास्तव्य मिळाले, निदान झाले, आणि एनडीआयएसने विचारले की तिसऱ्या-चौथ्या वर्षीच्या नोंदी कुठे आहेत. नोंदी नव्हत्या. अनोळखी माणूस घरी येऊन तीन तास बसला असता, तर त्याला मुलगी तरी दिसली असती. फाइलमध्ये ती नव्हतीच.


सोनचाफा
१३ ऑक्टोबर २०२५, सकाळी ७.३०

पाणकावळा, तुम्ही लिहिलेत हे फार बरे केलेत. विनामूल्य मूल्यमापनाला माझा विरोध नव्हता आणि आजही नाही. माझा विरोध त्या वेळच्या रचनेतील दोन गोष्टींना होता. एक, ओळखीच्या तज्ज्ञांचे म्हणणे बाजूला सारून त्या तीन तासांना सर्वाधिक वजन मिळणार होते. दोन, मूल्यमापनाचा निकालच चुकला तर त्या निकालाविरुद्ध दाद मागण्याची सोय प्रस्तावात नव्हती. डेव्हिड ट्यून यांनी २०१९ मध्ये केलेल्या एनडीआयएस कायद्याच्या समीक्षेने मूल्यमापनाची शिफारस केली होती हे खरे, पण तीत सहभागी व्यक्तीला मिळणाऱ्या संरक्षणांचाही विचार होता. घेताना मूल्यमापन तेवढे घेतले गेले.

नंतरचे अनेकांना आठवत असेल. रोबोडेटची, म्हणजे संगणकी हिशेबाने लोकांवर चुकीची सरकारी देणी लादणाऱ्या योजनेची, जखम ताजी होती. एनडीआयएसच्या शिल्पकारांपैकी एक असलेल्या ब्रूस बोनीहेडी यांनी संसदेच्या समितीपुढे या पद्धतीला ‘रोबो-प्लॅनिंग’ म्हटले आणि तो शब्द सर्वांच्या तोंडी बसला. अखेर ९ जुलै २०२१ रोजी केंद्र आणि राज्यांच्या मंत्र्यांच्या बैठकीनंतर एनडीआयएसच्या तेव्हाच्या मंत्री लिंडा रेनॉल्ड्स यांनी स्वतंत्र मूल्यमापन होणार नसल्याचे जाहीर केले. त्या दिवशी मी स्वयंपाकघरात उभी राहून रडले होते. आज मागे वळून पाहताना वाटते की आम्ही सुटलो, पण तुमच्यासारखी घरे जिथे होती तिथेच राहिली, आणि हे मला त्या दिवशी सुचले नव्हते.


एक_बहीण
१३ ऑक्टोबर २०२५, रात्री ११.५०

शहर लिहीत नाही. माझ्या थोरल्या बहिणीला स्किझोफ्रेनिया आहे आणि ती माझ्याकडे राहते. आम्हीही २०२१ च्या त्या प्रायोगिक टप्प्यात होतो.

पाहुणे येणार म्हटल्यावर ताई सकाळी सातला उठली. तिने केस धुतले, इस्त्रीची साडी नेसली आणि पोहे केले. मूल्यमापक आल्यावर तिने त्यांना बसा म्हटले, पाणी दिले, चहा केला, साखर किती हे विचारले. कोणते रोजचे काम करून दाखवाल असे त्यांना विचारावेच लागले नाही, कारण चहा समोर आला होता. अडीच तास ती सुरेख बोलली. औषधे वेळेवर घेता का, तर हो. पैशांचा हिशेब ठेवता का, तर हो. मित्रमैत्रिणी आहेत का, तर पुष्कळ आहेत. ज्या मैत्रिणींची नावे तिने सांगितली, त्या दादरच्या शाळेतल्या होत्या आणि त्यांना भेटून तिला तीस वर्षे झाली असतील.

मला मध्ये बोलता येईना. तिच्या तोंडावर ‘ताई, हे खरे नाही’ कसे म्हणायचे? ती घरातील मोठी, तिला परक्यासमोर खोटे पाडायचे, आणि नंतर त्याच घरात तिच्याबरोबर राहायचे. मी फक्त मान खाली घालून बसले. ते गेल्यावर ताईने साडी बदलली, खोलीचे पडदे लावले आणि पुढचे चार दिवस ती जेवणापुरतीही बाहेर आली नाही. मी मूल्यमापकांना फोन करून ते चार दिवस सांगण्याचा प्रयत्न केला. आम्ही भेटीच्या दिवशीचीच नोंद करतो, असे सौजन्यपूर्ण उत्तर मिळाले.

आपल्याकडे आल्यागेल्याचे करण्याचा संस्कार इतका खोल असतो की आजारपणातही तो शेवटी जातो. त्या अहवालात सामाजिक व्यवहाराच्या रकान्यात ताईला जितके चांगले गुण मिळाले, तितके मला मिळाले असते की नाही याची शंका आहे.


मुठाकाठ (पुणे)
१४ ऑक्टोबर २०२५, सकाळी ९.१० (भारतीय वेळ)

धागा वाचून इथल्या आणि तिथल्या पद्धतीची तुलना मनात आली. माझ्या मुलाला स्वमग्नता आहे. आमच्याकडे २०१६ च्या कायद्याने २१ प्रकारची अपंगत्वे मान्य केली आहेत आणि बहुतेक सवलतींसाठी ४० टक्क्यांचे प्रमाणपत्र लागते. स्वमग्नतेसाठी ‘इसा’ नावाची भारतीय मोजपट्टी वापरतात. तिच्यात ४० बाबी असतात, प्रत्येकाला १ ते ५ गुण. आमची वेळ सरकारी रुग्णालयात सकाळी साडेनऊची होती, नंबर लागला दुपारी दोनला, आणि आत आम्ही फार तर पंधरा मिनिटे होतो. साडेचार तास गर्दीत आणि आवाजात बसल्यामुळे मुलगा आत गेला तोच किंचाळत. डॉक्टरांना फारसे विचारावे लागले नाही. सोनचाफा यांच्या मुलाने टोस्ट करून दाखवला म्हणून गरज कमी दिसली आणि माझ्या मुलाला रांगेने पिचवले म्हणून टक्के भरपूर मिळाले. दोन्हींत मुलगा नेहमी कसा असतो हे कोणी पाहिले नाही.

तुमच्याकडे तीन तास विचारतात हेच आम्हांला नवल. पण आमच्या टक्केवारीतून आराखडा, तास, मदतनीस असे काही निघत नाही. निघते ते अपंगत्वाचे कार्ड. एक विचारायचे होते, आमच्या नात्यातील एक कुटुंब मेलबर्नला गेले आहे, त्यांना या कार्डाचा तिथे उपयोग होईल का?


रुईचे_पान
१४ ऑक्टोबर २०२५, सायंकाळी ६.४५

मुठाकाठ, निदानाचा जुना पुरावा म्हणून कार्ड आणि त्यामागचे सर्व कागद जरूर जोडावेत, विशेषतः मूळ चाचण्यांचे अहवाल. टक्क्यांना मात्र इथे अर्थ नाही. इथे रोजच्या जगण्यात काय अडते हेच पाहतात. शिवाय अर्जासाठी नागरिकत्व किंवा कायम वास्तव्य लागते आणि वय ६५ च्या आत असावे लागते.

आता सोनचाफा यांच्या मूळ मुद्द्याकडे. नवे साधन आय-कॅन नावाचे आहे. ते ऑस्ट्रेलियातच तयार झालेले असून त्याची सहावी आवृत्ती वापरणार आहेत. सप्टेंबर २०२५ मध्ये जाहीर झाल्याप्रमाणे ते २०२६ च्या मध्यापासून, १६ वर्षे व त्यावरील व्यक्तींना टप्प्याटप्प्याने लागू होणार आहे. माझ्या मते त्यात एक चांगली गोष्ट आहे. ते ‘काय येत नाही’ यापेक्षा ‘किती वेळा आणि किती मदत लागते’ हे विचारते. टोस्टच्या खालचा जो प्रश्न २०२१ मध्ये नव्हता, तो इथे निदान कागदावर आहे. काळजीची गोष्टही आहे, कारण भेट पुन्हा तीन तासांच्या आसपासची आणि समोर पुन्हा अनोळखी व्यक्तीच असणार.

तयारीसाठी मी माझ्याकडे येणाऱ्या घरांना एवढेच सांगते की दोन आठवडे साधी वही ठेवा. ‘आंघोळ करतो’ असे न लिहिता ‘मंगळवारी पाणी मी सोडले, साबण तीन वेळा आठवण करून दिल्यावर लावला, डोके मी धुतले, चाळीस मिनिटे लागली’ असे लिहा. वाईट दिवसही लिहा आणि बरे दिवसही लिहा, कारण फक्त वाईट दिवसांच्या वहीवर कोणी विश्वास ठेवत नाही. इंग्रजी चांगले येत असले तरी दुभाषी मागायला संकोच करू नका. मात्र दुभाष्याला भेटीपूर्वीच सांगून ठेवा की ‘जमतं’ या शब्दाचे भाषांतर करण्यापूर्वी कसे जमते ते पुन्हा विचारावे. एका भेटीत दुभाष्याने ‘कसंबसं जमतं’ याचे ‘व्यवस्थित जमते’ असे केलेले मी स्वतः ऐकले आहे.

एक_बहीण, तुमच्यासारख्या घरांसाठी ताईंना न दुखावता वेगळे बोलण्याची वेळ आधीच लेखी मागावी. ताईंची संमती घेऊन मागावी, हे सांगायला नकोच.


एक_बहीण
१४ ऑक्टोबर २०२५, रात्री १०.३०

संमतीचीच तर पंचाईत आहे. तिच्या मते तिला काहीच झालेले नाही, मग मी वेगळे बोलायचे ते कशाबद्दल? तरी विचारून पाहीन. आभार.


कडुनिंब
१५ ऑक्टोबर २०२५, सकाळी ६.५५

रुईचे_पान यांच्या वहीला माझा पाठिंबा आहे, पण एक गोष्ट अपंग माणसाच्या बाजूने. वही बहुतेक वेळा आईबाप, बहीण, नवरा-बायको लिहितात. माझ्याविषयी अशी वही माझ्या बायकोने २०२३ मध्ये लिहिली होती, योजनेचा आराखडा पुन्हा तपासला जाणार होता तेव्हा. मी ती वाचली आणि आठवडाभर तिच्याशी नीट बोललो नाही. त्यात एकही चूक नव्हती. रात्री किती वेळा उठवतो, गादी किती वेळा बदलावी लागली, सगळे तारीखवार होते. मला ठाऊक असलेलेच होते, पण तिच्या अक्षरात पाहणे निराळे.

तेव्हापासून आम्ही ठरवले की आपापली पाने वेगळी लिहायची आणि दोन्ही द्यायची. मूल्यमापकाला दोन्हींत फरक दिसला तर त्याने तो विचारावा. सोनचाफा, तुमचा मुलगा आता १६ चा होत असेल. नव्या पद्धतीत तो स्वतः सहभागी आहे, तुम्ही नव्हे. तो खोलीत असणार की बाहेर, हे त्याला कोणी विचारले आहे का?


सोनचाफा
१६ ऑक्टोबर २०२५, रात्री ८.२०

नव्हते विचारले. कडुनिंब, तुमचा प्रतिसाद वाचून काल विचारले.

त्याच्या चित्रांच्या फळीवर मी दिवाणखान्याचे चित्र लावले. त्यात माझा फोटो ठेवला, एका अनोळखी बाईचे चित्र ठेवले आणि दोघी बोलत आहेत हे त्याच्या ओळखीच्या खुणेने दाखवले. मग त्याचा फोटो त्याच्या हातात दिला. त्याने तो बराच वेळ धरून ठेवला. आधी दिवाणखान्यात ठेवला, मग उचलून स्वयंपाकघराच्या चित्रावर, टोस्टरशेजारी ठेवला. नंतर हात पुढे करून माझा फोटोही दिवाणखान्यातून काढला आणि स्वतःजवळ लावला. अनोळखी बाई दिवाणखान्यात एकटी राहिली.

याचा अर्थ काय घ्यायचा हे मी त्याच्या वाचोपचारतज्ज्ञांना विचारणार आहे. तोवर फळीचे छायाचित्र काढून वहीत पहिल्या पानावर चिकटवले आहे, तारखेसह. रुईचे_पान, भेट स्वयंपाकघरातच घ्यावी अशी लेखी मागणी आधी करता येते का, आणि करायची असल्यास ती कोणत्या टप्प्यावर करावी?


रुईचे_पान
१६ ऑक्टोबर २०२५, रात्री ९.०५

करता येईल. वेळ ठरवण्यासाठी पहिला फोन येईल त्याच दिवशी ईमेलने कळवा, कारण सांगा आणि उत्तर आले नाही तर पुन्हा कळवा. छायाचित्रही त्या ईमेलला जोडा.